केसांची निगा, बेताच्या खर्चात

आमच्या रात्रीच्या वर्गात गेल्या पावसाळ्यात आम्ही एक गणित घातले. घरचा महिन्याचा खर्च पाटीवर मांडा, एवढेच. कोणी ज्वारी लिहिली, कोणी तेल लिहिले, कोणी गॅस. एका बाईंनी मात्र पहिल्याच ओळीत ‘कटिंग-दाढी’ असे लिहिले. शेजारच्या बायका हसल्या. बाई म्हणाल्या, “हसता काय? माझ्या घरात तीन बाप्ये आहेत. मांडून तर बघा.”

आम्ही ते फळ्यावर मांडले. त्यांचे मालक महिन्यातून एकदा केस कापतात, १०० रुपये. आठवड्यातून दोनदा दाढी, दर वेळी ४० रुपये. महिन्याच्या आठ दाढ्यांचे ३२० झाले. दोन मुलगे, प्रत्येकी ८०, म्हणजे १६०. मोठी मुलगी पार्लरात जाते, तिचे १५०. बेरीज ७३० रुपये. बारा महिन्यांचे ८,७६० रुपये. वर्ग गप्प झाला.

“हे नेहमीचं झालं, गुरुजी,” त्या बाई म्हणाल्या. “आता पोरगी म्हणते, केस सरळ करून घ्यायचे. साडेचार हजार सांगितलेत. मला खुरपणीला ३०० रोज मिळतो. किती दिवस झाले?” वर्गाने भागाकार केला. पंधरा दिवस.

मग त्यांनी विचारले, “एवढे पैसे घातल्यावर केस चांगले होतात का, ते सांगा.”

प्रश्न रास्त होता. आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आम्ही दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंना विचारले, पुस्तके पाहिली, आणि गावातल्या न्हाव्याच्या दुकानात दोन सकाळी बसलो. त्यातून हा पाठ तयार झाला.

आधी केस म्हणजे काय ते पाहू. केसाचे मूळ कातडीच्या आत असते. जिवंत काय ते तेवढेच. कातडीच्या वर जो केस दिसतो, तो नखासारखा निर्जीव असतो. म्हणून तर कापताना दुखत नाही. केसावर बारीक खवले असतात. घरावर कौले जशी एकावर एक बसवलेली असतात, तसे हे खवले बसलेले असतात. कौले नीट बसलेली असली की केस मऊ लागतो आणि चमकतो. कौले उचकटली की केस राठ होतो, गुंततो, टोकाला फाटतो. निर्जीव केस आपला आपण बरा होत नाही. जखम भरते तसा तो भरून येत नाही. फाटलेले टोक चिकटवणारे औषध नाही. ते कापूनच टाकावे लागते.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग काही महिने थांबतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. रोज ५० ते १०० केस गळणे हे झाडाची पाने गळावी तसे आहे. फणीत चार केस दिसले म्हणून घाबरू नये. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हातभर वेणीच्या टोकाचा केस तीन-चार वर्षांपूर्वी उगवलेला असतो. इतकी वर्षे त्याने ऊन, धूळ, साबण आणि फणी सोसलेली असते.

हे एकदा समजले की पुढचे सोपे जाते. मुळाला जे हवे ते पोटातून जाते. वरच्या केसाला एवढेच हवे, की त्याची कौले उचकटू नयेत. ह्या दोन्ही कामांना पार्लर लागत नाही.

आता धुण्याचे पाहू. आपल्याकडे पुष्कळ गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड. अशा पाण्यात अंगाचा किंवा कपड्याचा साबण डोक्याला लावला, की त्याची चिकट साय केसांवर बसते. केस धुतले तरी चिकट आणि मळकट दिसतात. बाई म्हणते, “केस बिघडले.” केस बिघडलेले नसतात, साबण बसलेला असतो. म्हणून डोक्याला साबण लावू नये. जमेल त्याने पावसाचे पाणी धरावे आणि शेवटचा तांब्या त्याचा घ्यावा.

शिकेकाई आणि रिठा ह्यांत फेस आणणारे द्रव्य मुळातच असते, आणि जड पाण्यात त्यांची साय धरत नाही. चार शेंगा शिकेकाई, दोन रिठे बिया काढून, थोडी आवळकाठी, रात्री पाण्यात भिजवावे. सकाळी उकळावे, गार झाल्यावर कुसकरून फडक्याने गाळावे. गाळायला आळस करू नये, नाहीतर चोथा केसांत अडकतो आणि तो विंचरून काढताना केस तुटतात. डोळ्यात गेले तर फार झोंबते, लहान मुलांचे डोके मागे धरावे. ज्याला हे करायला वेळ नाही, त्याने शांपू लावावा. त्यात काही पाप नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने पहाटे उठून शिकेकाई उकळावी, असे सांगणे आम्हाला पटत नाही.

शांपू हा शब्द आपल्याच देशातून विलायतेला गेला. डोके चेपायला हिंदीत चांपना म्हणतात, चंपी हा त्याच घरचा शब्द. पाटण्याकडचे शेख दीन महंमद हे इंग्लंडात गेले आणि १८१४ साली ब्रायटन गावी त्यांनी स्नानगृह काढले. तेथे ते लोकांना वाफ देऊन अंग चोळून देत. त्यालाच तिकडे शांपू म्हणू लागले. पुढे तोच शब्द डोके धुण्याच्या पातळ साबणाला चिकटला.

रुपया-दोन रुपयांची पुडी मिळते. खांद्यापर्यंत केस असतील तर एक पुडी पुरते, लहान मुलाला अर्धी. पुडी सरळ डोक्यावर ओतू नये. तांब्यात थोडे पाणी घेऊन त्यात ती कालवावी, मग लावावी. फेस डोक्याच्या कातडीला चोळावा, कारण मळ आणि घाम तेथे असतो. लांब केसांना वरून ओघळलेला फेस पुरतो. त्यांना धुणे धुतल्यासारखे घासू नये. पाणी कोमट घ्यावे. आठवड्यातून दोनदा न्हाणे बहुतेकांना पुरे होते. शेतात, भट्टीवर, गिरणीत काम करणाऱ्यांनी घाम आणि धूळ पाहून जास्त वेळा धुवावे.

ओला केस ताणला की लवकर तुटतो. म्हणून न्हाल्यावर पंचाने खसाखसा पुसू नये, टिपून घ्यावे. जुन्या मऊ सुती लुगड्याचा तुकडा ह्याला टॉवेलापेक्षा बरा. अर्धवट वाळल्यावर जाड दातांच्या कंगव्याने विंचरावे. आधी टोकाचा गुंता सोडवावा, मग थोडे वर जावे, शेवटी मुळापासून ओढावे. आपण बहुधा उलट करतो. मुळापासून कंगवा ओढतो, गुंता खाली जाऊन घट्ट होतो, आणि मग पोरगी रडते आणि आई धपाटा घालते.

तेलाचे काय? खोबरेल हे केसात थोडे मुरते, असे तपासात दिसले आहे. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल अशी तीन तेले लावून पाहिली. खोबरेल लावलेला केस धुताना आणि विंचरताना कमी झिजला. आता हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे. पण आपल्या आज्या न्हाण्याआधी तेल लावत, ते ह्याला धरूनच होते. न्हाण्याआधी तास-दोन तास, किंवा आदल्या रात्री, केसांना बेताने तेल लावावे. चपचपीत थापू नये. तेलाने केस उगवतात असे मात्र नाही. हजार रुपयांच्या बाटलीनेही उगवत नाहीत आणि साध्या खोबरेलानेही नाहीत. मग स्वस्तातले घ्यावे.

ज्याच्या डोक्यात कोंडा आहे, त्याने तेल डोक्यात मुरवत ठेवू नये. कोंडा करणारी एक सूक्ष्म बुरशी कातडीवरच्या तेलकटपणावर जगते. तिला आपण तेल घालून पोसतो आणि वर म्हणतो, “तेल लावूनसुद्धा कोंडा जात नाही.” कोंड्यासाठी औषधी शांपू मिळतो. त्यावर ‘केटोकोनाझोल’ असे नाव असते, जोडाक्षरे आहेत, सावकाश वाचावे. तो डोक्याला लावून पाच मिनिटे ठेवावा आणि धुवावा. आठवड्यातून दोनदा, असे महिनाभर. तरी हटला नाही तर डॉक्टरला दाखवावे.

उवांची गोष्ट कोणी बोलत नाही, पण शाळेत जाणारे मूल ज्या घरात आहे त्या घरात त्या कधी ना कधी येतात. उवा मळामुळे होत नाहीत. डोक्याला डोके लागले की एकीकडून दुसरीकडे जातात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ओल्या केसांना तेल लावून बारीक फणीने एकेक बट विंचरावी आणि फणी पांढऱ्या फडक्यावर झटकावी. लिखा फुटायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून एकदा करून भागत नाही, दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी करावे. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच वेळी पाहावी. रॉकेल कधीही लावू नये. चूल जवळ असते, पोर पेटेल. शेतावर फवारायचे औषध तर डोक्याजवळही नेऊ नये. ते कातडीतून शरीरात जाते आणि जीव घेते. उवांचे औषध दवाखान्यात विचारून घ्यावे.

आता कापण्याकडे येऊ, कारण फळ्यावरचा मोठा आकडा तेथला आहे.

दाढी घरी करावी. महिन्याच्या ३२० रुपयांच्या ठिकाणी ब्लेड, साबण आणि तुरटी मिळून पन्नास-साठ रुपयांत भागते. दाढी आधी कोमट पाण्याने चांगली भिजवावी, केस वाढतात त्याच दिशेने पाते फिरवावे. आपले पाते आपल्यापुरतेच ठेवावे. बापाचे पाते मुलाने घेऊ नये. काविळीचे दोन प्रकार, ब आणि क, आणि एड्सचा विषाणू हे रक्तातून पसरतात. पात्याला लागलेले रक्त डोळ्याला दिसत नाही. बायकांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

लहान मुलांचे केसही घरी कापता येतात. केस कापायचे मशीन समजा १,२०० रुपयांना आले. दोन मुलांचे महिन्याला १६० वाचतात. मशीनचे पैसे किती महिन्यांत फिटतील, ते पाटीवर काढा. आठ महिने लागतील. मशीनबरोबर आकडे घातलेल्या प्लास्टिकच्या फण्या येतात. १ म्हणजे साधारण ३ मिलिमीटर केस राहतो, २ म्हणजे ६, ४ म्हणजे १२. पहिल्यांदा ४ नंबर लावावा. जास्त राहिले तर पुन्हा कापता येते. कमी झाले तर महिनाभर पोराला टोपी घालावी लागते. आम्ही नातवावर प्रथम प्रयोग केला तो २ नंबरने, आणि घरच्या मंडळींनी दोन दिवस आमच्याशी अबोला धरला. एक मशीन चार घरांत वापरायचे असेल तर दर डोक्यानंतर ब्रशाने झाडून पाते स्पिरिटने पुसावे. नाहीतर एकाचा गजकर्ण चौघांना होतो.

लांब केसांची टोके तीन-चार महिन्यांनी घरीच कापावी. केस विंचरून सैल वेणी घालावी, खालच्या टोकाला दोन बोटे धरावी आणि बोटांखालचे कापावे. कात्री धारदार हवी. कागद, दोरा आणि भाजी कापून बोथट झालेली कात्री केसाला चावते, आणि ते टोक लगेच पुन्हा फाटते. केस कापल्याने जोरात वाढतात असे बायका म्हणतात. तसे होत नाही. जावळ काढल्याने किंवा डोके भादरल्याने केस दाट येतात, हेही खरे नाही. वस्तऱ्याला मुळाची खबर नसते. आखूड केस ताठ उभा राहतो म्हणून दाट वाटतो.

न्हाव्याकडे जाऊच नये असे आम्ही सांगत नाही. बलुतेदारीच्या काळात गावचा न्हावी वर्षभर डोकी करी आणि खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळे. आता त्याला दुकानाचे भाडे आणि विजेचे बिल आहे. तो कसबी कारागीर आहे. त्याच्या जातीच्या लोकांनी आणखी एक मोठे काम केलेले आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असे त्यांनी ठरवले. मिळकत बुडेल हे माहीत असून ठरवले.

मोठ्या माणसाचे केस चांगल्या कारागिराकडूनच कापावे, फक्त वरचेवर जावे लागणार नाही असे कापून घ्यावे. ही युक्ती आम्हाला आमच्या न्हाव्यानेच सांगितली. तो म्हणाला, “गुरुजी, बाजू अगदी बारीक मारल्या की पंधरा दिवसांत वाढ डोळ्यांवर येते. गिऱ्हाईक परत येतं. आम्हाला बरंच. पण बाजू बोटभर ठेवल्या आणि भोवरा बघून कापलं, तर दीड महिना बघायला नको.” भोवरा म्हणजे डोक्यावर केस गोल फिरतात ती जागा. कोणाला एक असतो, कोणाला दोन. भोवऱ्याच्या उलट कापलेले केस आठवड्यात उभे राहतात. दीड महिन्यात एकदा गेले तर वर्षाला बाराऐवजी आठ किंवा नऊ वेळा जावे लागते. दुकानात बसल्यावर एवढे सांगावे: बाजू फार बारीक नकोत, भोवरा पाहा.

आणखी तीन गोष्टी दुकानात न लाजता सांगाव्या. माझ्यासमोर नवे ब्लेड लावा. सगळ्यांच्या तोंडावरून फिरलेला तुरटीचा खडा मला लावू नका. आणि मान मोडू नका. मान कडकड वाजली की बरे वाटते खरे, पण मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळीला त्याने इजा होऊ शकते. चांगला कारागीर ह्याचा राग मानत नाही. आमच्या न्हाव्याने तर आता नवे ब्लेड गिऱ्हाइकाला दाखवूनच मोडायची सवय ठेवली आहे.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. वर्गात सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसले. सांगायला हवी म्हणून सांगतो.

आम्ही निवृत्त झालो त्या वर्षी पुतणीचे लग्न होते. डोके पांढरे झाले होते. फोटोत म्हातारे दिसू नये असे वाटले. दुकानातून काळ्या मेंदीचे पाकीट आणले, पंधरा रुपयांचे. मेंदी म्हणजे झाडाचा पाला, त्याने काय होणार? पाकिटावर बारीक अक्षरांत काही छापले होते. चष्मा आत होता. आम्ही आयुष्यभर मुलांना ‘सूचना आधी वाचा, मग पेपर सोडवा’ असे सांगत आलो, आणि स्वतः सूचना न वाचता ते कालवून डोक्याला लावले. रात्री डोके खाजू लागले. सकाळी डोळे उघडेनात. तोंड सुजून भोपळ्यासारखे झाले होते. लग्न तालुक्याला होते, आम्ही दवाखान्यात होतो. सलाइन, इंजेक्शने, गोळ्या, जाण्यायेण्याचे भाडे, सगळे मिळून अडीच हजार गेले. पुतणीच्या लग्नाच्या एकाही फोटोत आम्ही नाही, काळ्या केसांचे नाही आणि पांढऱ्याही नाही.

डॉक्टरीण बाईंनी पाकीट मागवून घेतले आणि आमच्या हातात देऊन म्हणाल्या, “गुरुजी, मोठ्यानं वाचा.” आम्ही वाचले. ह्या मालाने काही जणांच्या कातडीला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्यावी, भुवया व पापण्यांना लावू नये, आंधळेपणा येऊ शकतो, असे तेथे छापले होते. आपल्या देशात असल्या रंगावर ही सूचना छापणे कायद्याने भाग आहे. ती छापलेली होती. वाचणारा चुकला.

झाडाची शुद्ध मेंदी पांढऱ्या केसांना तांबूस रंग देते, काळा कधीच नाही. त्यावर निळीच्या पाल्याची पूड लावली तर रंग गडद होतो. नुसती ‘मेंदी’ म्हणून विकलेली वस्तू तासाभरात केस काळेभोर करत असेल, तर बहुधा तिच्यात रसायन आहे असे समजावे. त्या रसायनाचे लांब नाव आहे, पॅराफिनिलिनडायअमिन. इंग्रजीत त्याला थोडक्यात पी-पी-डी असे तीन अक्षरांत म्हणतात. ते सगळ्यांना बाधते असे नाही. पण ज्याला एकदा बाधले, त्याला पुढच्या वेळी जास्त बाधते. दहा वर्षे लावून काही झाले नाही आणि अकराव्या वर्षी सूज आली, असेही होते. म्हणून दर वेळी आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावावे आणि दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली, फोड काही आले तर पाकीट टाकून द्यावे. घरात पाकीट असेल तर मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये, पोटात गेले तर जिवावर बेतते. आम्ही तेव्हापासून पांढरे आहोत.

आता त्या मुलीचा प्रश्न. केस सरळ करताना पार्लरात औषध लावतात आणि तापलेली इस्त्री फिरवतात. त्याने केसाची आतली बांधणी मोडून पुन्हा नव्याने बसवतात. केस सरळ होतात, हे खरे. पण मुळातून येणारा नवा केस आपल्या मूळ वळणाचाच येतो. सहा महिन्यांत सहा-सात सेंटिमीटर कुरळा भाग वर आला आणि खाली सरळ राहिला, की डोके विचित्र दिसते आणि पुन्हा पैसे घालावे लागतात. म्हणजे ते साडेचार हजार एकदाचे नाहीत. शिवाय काही औषधे तापली की फॉर्मालिनचा धूर सोडतात, तो डोळ्यांना आणि छातीला वाईट असतो. त्याऐवजी दुसरे एक आम्ल वापरू लागले. तर २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले होते आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती. सगळ्यांना असे होईल असे आम्ही म्हणत नाही. औषधाचे नाव विचारावे, डबीवरचे वाचावे, आणि डोळे झोंबू लागले तर उठून यावे, एवढे म्हणतो.

केस फार गळत असतील तर पार्लरात उपाय नाही. बाळंतपणानंतर, टायफॉइड किंवा डेंगूसारख्या तापानंतर, मोठ्या दुःखानंतरही, दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने जातात. ते सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येतात. त्या काळात बायका घाबरून दर आठवड्याला नवे तेल आणतात. केस परत आले की त्या वेळी जी बाटली हातात असेल तिला यश मिळते.

पण दम लागतो, पापणीच्या आतला भाग फिका दिसतो, पाळीला फार जाते आणि केसही गळतात, तर रक्त तपासून घ्यावे. २०१९ ते २०२१ मध्ये सरकारने देशभर पाहणी केली. तेव्हा १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५७ जणींचे रक्त कमी आढळले. शेवटी उरलेले खाणारी जी असते, तिचे केस आधी जातात. बाजरी, हरभरे, मटकी, अळीव, पालेभाजी, परवडेल तर अंडी, मासे, मटण, हे मुळाला पोचते. जेवणाबरोबर लिंबू पिळावे, आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रुपयाएवढी गोल जागा एकदम गुळगुळीत झाली तर ती चाई. तिला किडा खात नाही. तेथे लसूण किंवा बिब्बा चोळून कातडी जाळू नये, डॉक्टरला दाखवावे. थकवा, सूज आणि केस गळणे एकत्र असेल तर गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचीही तपासणी करावी लागते.

ह्या सगळ्या गोष्टी आम्ही दोन रात्री वर्गात सांगितल्या. त्या बाईंनी पाटीवर नवा हिशेब मांडला. मालकांची दाढी घरी, ६० रुपये. मुलांचे मशीन चार घरांनी मिळून घेतले. मालकांचे कटिंग दीड महिन्याने. महिन्याला चारशेच्या वर वाचू लागले.

मुलीने केस सरळ करून घेतले नाहीत. आईने सक्ती केली नाही, आमचा पाठ तिला वाचायला दिला, एवढेच. पण ती तालुक्याच्या चांगल्या दुकानात जाऊन ३०० रुपये देऊन केस मात्र कापून आली. कुरळ्या केसांना शोभेल असा तो काप होता. आई जरा कुरकुरली. आम्हाला त्यात काही वावगे दिसले नाही. अठरा वर्षांच्या मुलीने आरशात पाहून हसावे, त्यालाही काही मोल आहे. आणि तिचे ते वळण आता चार महिने झाले तरी छान दिसते.

पुढच्या बुधवारी वर्गावर येताना घरात असतील त्या तेलाच्या, शांपूच्या आणि रंगाच्या रिकाम्या पुड्या घेऊन या. ज्यांना चष्मा आहे त्यांनी चष्माही आणावा.